टॉवेलवर, फुटपाथवर

"तुमच्याकडे ट्रेनमध्ये अनोळखी माणूस पगार विचारतो म्हणे. खरं का?"

हेलसिंकीत, उणे नऊ तापमानात, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर बसलेल्या एका आजोबांनी मला हे विचारलं. मीही टॉवेलवरच. कल्लिओ भागातला कोतिहार्यू सौना (म्हणजे घाम काढत बसायची कडक तापवलेली खोली), १९२८ पासूनचा, अजून लाकडं जाळून तापवतात. आत घामाच्या धारा. बाहेर आलं की दोघांच्या खांद्यांवरून वाफ निघतेय, झाकण काढलेल्या इडलीपात्रासारखी.

निघताना सगळ्यांनी बजावलं होतं, फिनलंडची माणसं घुमी, तोंड उघडत नाहीत. पटलंही होतं. चार दिवस ट्राममध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी आणि माणसं उभी. मनात नाही नाही ते आलं (तुमच्याही आलं असतं).

आजोबांना विचारलं तर म्हणाले, "शेजारी बसून कशाला कुणाला अवघडून टाकायचं?"

म्हणजे मी ज्याला तुसडेपणा म्हणत होतो, ती त्यांची रीतभात! आणि जेमतेम ५६ लाखांच्या देशात सुमारे ३० लाख सौना आहेत. गप्पा तिथे होत असतील, तर ट्राममध्ये कोण कशाला बोलेल?

पगाराचं मात्र मी ठणकावून नाकारलं. "छे छे, असं काही नसतं हो."

मग आठवलं. दहाच मिनिटांपूर्वी, आत, मी त्यांना मुलं किती आणि पेन्शन किती बसते, दोन्ही विचारून झालं होतं.

मुलं तीन. पेन्शनवर नुसते हसले होते.

खरं सांगा, तुम्ही नसतं विचारलं?