तीस घरांतलं एक घर

मे महिन्यातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडच्या गावांत आम्ही बांधलेल्या घरगुती गोबरगॅस संयंत्रांची कार्बन क्रेडिटसाठी पडताळणी चालू होती. गॅसमुळे लाकूड वाचून एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा टळला की एक क्रेडिट, आणि ते विकता येतं. यादीत ६४० संयंत्रं होती. त्यांतून सोडत काढून निवडलेली ३० घरं आणि हाताशी तीन दिवस. पडताळणी करणारे साहेब बाहेरून आलेले. आमचं काम त्यांना घर दाखवायचं, मध्ये बोलायचं नाही.

तीसच घरं का, तर लहान प्रकल्पांना नियम असा आहे की नमुन्यावरून काढलेला आकडा ९० टक्के खात्रीचा हवा आणि त्यात १० टक्क्यांहून जास्त फरक पडता कामा नये. दहातली नऊ संयंत्रं चालू निघतील असं धरलं, तर ३० घरं पुरतात. आम्ही तसं धरलं होतं. पण ते धरलं होतं दिवाळीनंतरच्या पाहणीवरून, जेव्हा गोठ्यात शेण आणि विहिरीत पाणी दोन्ही असतं.

दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला (पक्क्या घुमटाचं, गॅस त्या घुमटातच साठतो) रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. आपल्याकडची गावरान गाय किंवा बैल दिवसाला आठ-दहा किलो शेण देतो, आणि उन्हाळ्यात जनावर दिवसभर चरायला गेलं की गोठ्यात फक्त रात्रीचंच शेण सापडतं. बैलजोडी आणि एक गाय असलेल्या घराला एक घनमीटरचंच संयंत्र पुरलं असतं. अनुदान मोठ्या संयंत्राला जास्त म्हणून सरसकट दोन घनमीटरची बांधली गेली, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरी गेलो तेव्हा बाई चुलीवर भाकरी टाकत होत्या. खाली तुराट्या जळत होत्या. शेजारी ओट्यावर गॅसची शेगडी, पुसून ठेवलेली. साहेबांनी शेगडी पेटवायला सांगितली. ज्योत आली, फडफडली, पिवळी झाली, विझली.

"पंधरा दिस झाले जी. अशीच फडफडते, पिवया जयते, भाकर कायी पडते. तीन डाव फोन लावला, कोणी आलं नाही."

साहेबांनी नोंद केली : बंद.

नंतर परवानगी घेऊन आम्ही तपासलं. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरलं आणि आधी घुमटाच्या व्हॉल्व्हला जोडलं. पाण्याच्या दोन पातळ्यांत ६० सेंटिमीटरचा फरक आला आणि तो स्थिर राहिला. म्हणजे घुमटात गॅस होता, गळती नव्हती. तीच नळी शेगडीजवळ लावून कॉक उघडला, तर पाणी वर-खाली नाचायला लागलं. पाइपात पाणी साचल्याची ही पक्की खूण. घुमटातून गॅस निघतो तो वाफेने भरलेला असतो; रात्री पाइप गार झाला की आत पाणी सुटतं. म्हणून पाइप उतार देऊन बसवायचा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा टी, म्हणजे बूच लावलेला तीन तोंडांचा जोड, ठेवायचा. इथे भिंतीवरचा एक क्लॅम्प निखळून पाइप मधेच झोळासारखा लोंबत होता आणि टीचं बूच गोवऱ्यांच्या ढिगाखाली गेलं होतं. बूच उघडलं, अर्धा तांब्या गढूळ पाणी निघालं, पाइप वर घेऊन नवा क्लॅम्प ठोकला. वीस मिनिटांचं काम. ज्योत निळी, घट्ट, आवाज करत पेटली.

नोंद मात्र बंदच राहिली, आणि तेच बरोबर होतं. दारात पाऊल टाकलं तेव्हा जे दिसलं तेच लिहायचं असतं. नाहीतर पुढे-पुढे पाना घेऊन धावणारा मिस्त्री सगळी संयंत्रं चालू करून ठेवेल.

तीन दिवसांत ३० पैकी ९ बंद निघाली. चार घरांनी बैल विकले होते, दोन घरी पाण्याचा टँकर येत होता, तिथे कालवायला ५० लिटर कुठून आणणार? दोघांकडे पाइपात पाणी, एकाच्या घुमटाला तडा. म्हणजे ७० टक्के चालू. पण ७० टक्क्यांना ३० घरांचा नमुना पुरत नाही. मग एकतर जवळपास १०० घरांपर्यंत नमुना वाढवायचा, नाहीतर अंदाजाची खालची मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे पडू शकणारा फरक वजा करून उरणारा आकडा, स्वीकारायची : ५६ टक्के.

क्रेडिटचा हिशेब असा. माणशी वर्षाला अर्धा टन लाकूड, पाच माणसांना अडीच टन. एक टन लाकूड जळलं की पावणेदोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. त्यातलं जंगलाने भरून न येणारं लाकूडच मोजतात, ते आमच्या भागात ३० टक्के धरलेलं. तुराट्या-पऱ्हाट्या दरवर्षी शेतात उगवतात, त्यांच्या बचतीचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे एका घरामागे वर्षाला साधारण १.३ क्रेडिट. ७० आणि ५६ मधला फरक ६४० घरांवर ११५ क्रेडिटच्या वर जातो. नमुन्यातलं एक घर म्हणजे यादीतली २१ घरं. त्या बाईंच्या भिंतीवरचा एक क्लॅम्प २७-२८ क्रेडिटला भारी पडला.

आणि दुरुस्तीला पैसे का नव्हते? क्रेडिटचे पैसे पडताळणी होऊन क्रेडिट जमा झाल्यावर, विकल्यावर येतात. बांधकामानंतर दीड-दोन वर्षांनी. प्रस्तावात सिमेंट, विटा, मिस्त्रीची मजुरी सगळं मांडलं होतं, पण तीन तालुक्यांत फिरणाऱ्या दुरुस्तीवाल्याचा पगार आणि पेट्रोल पहिल्या दोन वर्षांसाठी मांडलंच नव्हतं. तीन वेळा आलेला फोन उचलायला माणूसच नव्हता.

निघताना बाईंनी विचारलं, "बंद लिवलं म्हंजे आमचा गॅस काढून नेतान का जी?"

नाही, म्हटलं. उरलेला क्लॅम्प आणि बूच उघडायचा पाना त्यांच्या मुलाच्या हातात दिला. टी कुठे आहे ते दाखवून तिथे भिंतीवर चुन्याने फुली मारली आणि पंधरा दिवसांनी पाणी काढायचं हे त्याच्याकडून दोनदा करून घेतलं.