अक्षराक दात इले! फणस, साग आणि दहा वॅटचा लेझर: नऊ महिन्यांची नोंद

मे महिन्यात यंत्राचं खोकं उघडलं तेव्हा बाबांनी एका हाताने ते उचलून बघितलं आणि म्हणाले, "ह्यां लाकूड कोरतलां?" पन्नास वर्षं पटाशी धरलेल्या माणसाला चार ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मध्ये एक डबी दाखवली, तर तो दुसरं काय म्हणणार?

आमचा कारखाना म्हणजे कुडाळजवळच्या गावात घरामागे घातलेली पत्र्याची शेड. देव्हारे, चौरंग, पाट, पोळपाट-लाटणी, घराच्या पाट्या, कोणी मागितलंच तर दारं-खिडक्या. बाबा मेस्त्री. हिशेब, घासकाम, पॉलिश माझ्याकडे. नाव घालून वस्तू मागणारे वाढले म्हणून लेझर घेतला. पूर्वी नाव घालायचं म्हणजे बाबा पटाशीने कोरायचे. एका पाटीला दीड दिवस जायचा आणि पैसे सांगताना आम्हालाच लाज वाटायची.

घ्यायच्या विचारात असाल तर एक गोष्ट आधी बघा. माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४० वॅट लिहिलं होतं. ती यंत्र खाते ती वीज. लाकडावर पडणारा प्रकाश त्यातला दहाच वॅट, म्हणजे ऑप्टिकल पॉवर. विकणाऱ्याला तेवढंच विचारायचं, बाकी आकडे सोडून द्यायचे. माझा डायोड, म्हणजे प्रकाश टाकणारा छोटा भाग, निळा, ४५० नॅनोमीटरचा. हा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो, त्यामुळे ॲक्रिलिकचे दिवे करायचे असतील तर सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर लागेल, १०.६ मायक्रोमीटरचा. त्याला काचेची नळी आली, थंड पाणी फिरवणं आलं, जागा आली. नुसत्या लाकडाला डायोड पुरतो.

पहिली खरी पाटी सागाची. अक्षरांची जागा २४० बाय ६० मिलिमीटर. दोन रेघांमधलं अंतर ०.१ मिलिमीटर ठेवलं, म्हणजे ६०० रेघा, प्रत्येक २४० मिलिमीटरची. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने ४८ मिनिटं, शिवाय प्रत्येक टोकाला वळायला लागतो तो वेळ वेगळा. मला वाटलं होतं पाच मिनिटांत पाटी होईल. म्हणून वेग दुप्पट केला. बाबा चष्मा नाकावर ओढून बघत होते. म्हणाले, "अक्षराक दात इले गो!"

खरंच आले होते. प्रत्येक काना, प्रत्येक उभी दांडी करवतीसारखी. लेझरचं डोकं डावीकडून उजवीकडे जाताना रेघ एका जागी संपते, परत येताना किंचित दुसऱ्या जागी. कारणं दोन निघाली. एक, डोकं ओढणारा पट्टा सैल. बोटाने छेडला तर धप्प वाजायचा, ताणल्यावर टण्ण वाजायला लागला आणि निम्मे दात तिथेच पडले. दुसरं, लेझर चालू-बंद व्हायला लागणारा क्षणभराचा उशीर. यंत्र ज्यावर चालवते त्या लाइटबर्न सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी स्कॅनिंग ऑफसेट नावाचा तक्ता आहे. दर वेगाला एक उभी पट्टी जाळून, कडा भिंगातून मोजून आकडे भरले. इंग्रजी नावाला हे दात फारसे डोळ्यांत भरत नाहीत. आपल्या लिपीत काना, दांडी, काठी सगळं उभंच, त्यामुळे आपल्याकडे जास्त दिसतं.

दात गेले आणि फटी आल्या. नाव इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून, अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसते आकार करून लाइटबर्नमध्ये आणलं, जाळलं, तर प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेत एक चिमुकला कोरा चौकोन. उंदराने कुरतडल्यासारखा. दोन दिवस मी पॉवर वाढवत बसले. दोष पॉवरचा नव्हताच. देवनागरी फाँटमध्ये एका अक्षराची शिरोरेषा पुढच्याच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते, म्हणून छापताना ती अखंड दिसते. पाथ केल्यावर ते दोन आकार एकमेकांवर पडतात आणि जिथे दोन थर, तिथे सॉफ्टवेअर पोकळी समजतं. उपाय पाच सेकंदांचा: सगळं निवडून पाथ मेनूतलं युनियन दाबायचं. सगळी अक्षरं एका शिरोरेषेखाली एकजीव होतात. आता मी फाइल लाकडाला दाखवायच्या आधी बाह्यरेषेत बघते. सांध्यावर आडवी-उभी रेघ दिसली की युनियन राहिलंय.

फाँटबद्दल माझं मत: बारीक-जाड वळणांचे सुंदर फाँट फणसावर वाया जातात. फणसाची छिद्रं एवढी मोठी की बारीक वळण त्यात बुडून जातं. 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' जाड वजनात घेतला की वीस फुटांवरून वाचता येतो. टिरो देवनागरी मराठी दिसायला देखणा, त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, पण तो मोठ्या पाटीलाच. ल-श चं लोकांना कळत नाही असं समजू नका. एक काकू पाटी हातात घेऊन म्हणाल्या, "ल हिंदीतला वाटतो गं." बरोबर होतं त्यांचं.

आता लाकूड. इथे मी सगळ्यात जास्त शिकले आणि सगळ्यात जास्त फळ्या जाळल्या.

शिवण सगळ्यात गुणी. फिकट, सारख्या पोताची, लेझर सांगेल ते ऐकणारी. साग गडद तपकिरी जळतो, छान दिसतो, पण त्याच्या वर्षवलयांतला कठीण पट्टा आणि मऊ पट्टा वेगवेगळे जळतात. एकाच अक्षराचं पोट काळं आणि डोकं तपकिरी होतं. आंबा स्वस्त, पण एका फळीत तीन रंग. शिसवावर नाव घालणं म्हणजे काळ्या दगडावर कोळशाने लिहिणं. एकाला मी सरळ नाही म्हटलं आणि पितळी पट्टी लावून दिली. पांगारा सावंतवाडीच्या खेळण्यांचं लाकूड, हलकं आणि मऊ. चितार आळीतली लाकडी फळं याच जातीची. त्याला अर्धी पॉवरसुद्धा जास्त झाली, अक्षराऐवजी खड्डा पडला. दर लाकडाला, किंबहुना दर नव्या फळीला, आधी मागच्या बाजूला पाच बाय पाच चौकोनांची चाचणी जाळते. आडवा वेग, उभी पॉवर. दुसऱ्याने दिलेले आकडे वहीत उतरवून घेतले होते, ते पहिल्याच आठवड्यात खोडले.

फणसाने मात्र फसवलं. ताजा रंधलेला फणस हळदीसारखा पिवळा. त्यावर काळं अक्षर इतकं उठून दिसतं की गिऱ्हाईक जागेवर पैसे काढतं. जूनमध्ये मी एका फळीवर तेच नाव दोनदा जाळून फळी मधून कापली. अर्धी खिडकीत ठेवली, अर्धी कपाटात. दिवाळीला दोन्ही शेजारी धरल्या. कपाटातली अजून पिवळी. खिडकीतली विटकरी-तपकिरी, आणि अक्षर तिच्यात विरघळल्यासारखं. बाबांना आश्चर्य वाटलं नाही. फणस उजेडात काळवंडतो हे त्यांना लहानपणापासून माहीत. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून फणसावर नुसता रंग जाळत नाही, खोली काढते. कमी वेगाने तीन-चार फेऱ्या मारल्या की माझ्या यंत्रावर साधारण मिलिमीटरभर खड्डा पडतो. मग लाकूड कितीही गडद झालं तरी कडेची सावली अक्षर वाचू देते. बाहेर लावायच्या पाटीला तर हेच करावं लागतं, कारण जळलेला काळा थर म्हणजे शेवटी कोळसा. पडवीवर तिरका पाऊस येतो, त्यात तो दोन पावसाळ्यांत धुपणार. अशा पाटीला आधी मास्किंग टेप चिकटवते, टेपसकट कोरते, खड्ड्यात काळा ॲक्रिलिक रंग भरते आणि वाळल्यावर टेप सोलते. व, ब, म यांच्या पोटातले टेपचे बारके तुकडे चिमट्याने काढावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे वेगळे पैसे मी लावते.

टेप का, तर त्याआधीची गंमत ऐका. सप्टेंबरमध्ये गणपतीच्या घाईत फणसाच्या चौरंगाला चपडा लाखेचं पॉलिश मारून, वर नाव जाळलं. अक्षराभोवती धुराचा पिवळट डाग उठला. हाताशी स्पिरिट होतं, फडकं बुडवून पुसलं. लाख स्पिरिटातच विरघळते हे मला ठाऊक असायला हवं होतं, लाख मीच कालवते! लाख सुटली, काजळी तिच्यात मिसळली आणि फणसाच्या प्रत्येक छिद्रात जाऊन बसली. चौरंग मांजर लोळून गेल्यासारखा दिसायला लागला. पॉलिश पेपर १२० पासून पुन्हा सुरुवात. आता लाखेवर ओलसर फडकंच, आणि शक्यतो टेप.

पावसाळा हे स्वतंत्र प्रकरण. जुलैमध्ये नेहमीच्या आकड्यांवर शिवणीवर सगळंच फिकं उमटत होतं. ओलाव्याचा मीटर टोचला तर १८ टक्के. लेझरची अर्धी ताकद पाणी उकळण्यात जात होती, लाकडाच्या वाट्याला उरलेली. पॉवर वाढवली तर कडेला डाग. शेवटी बाबांची पद्धत वापरली: छोट्या फळ्या चुलीवरच्या माळ्यावर, मध्ये काड्या घालून, वारा खेळेल अशा रचल्या. तीन आठवड्यांनी १२ टक्के. मोठे चौरंग पावसाळ्यात घेऊच नयेत असं मी म्हणते. बाबा म्हणतात, गणपती काय मार्गशीर्षात आणायचा?

धूर बाहेर टाकायचा पंखा मी आधी पश्चिमेच्या खिडकीत बसवला होता. जूनचा वारा समुद्राकडून, सगळा धूर परत शेडमध्ये. पंखा पूर्वेला हलवला. वीज जाणं तर रोजचंच. माझ्या यंत्राला डोकं टोकाला पोचलं हे कळवणारे स्विच नाहीत, त्यामुळे वीज गेली की डोकं कुठे होतं ते ते विसरतं. म्हणून प्लायवूडच्या दोन पट्ट्यांचा गुण्यात बसवलेला कोपरा यंत्राच्या पलंगावर कायमचा ठोकला आहे. लाकूड त्यात टेकवायचं, डोकं कोपऱ्यावर आणून शून्य करायचं आणि लाइटबर्नच्या प्रीव्ह्यूमधून अडलेल्या रेघेपासून पुढे सुरू करायचं. सांध्याची एक रेघ तरीही जास्त काळी येते. ऑगस्टमध्ये शहाणपण सुचलं: चाळीस-पन्नास वॅट खाणारं यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतं. चार तारा ओढल्या, झालं.

डोळ्यांबद्दल एकदाच सांगते. चष्मा ४५० नॅनोमीटरसाठीचाच हवा. बाबा वाकून बघायचे आणि म्हणायचे, "चष्मो आसा मा माझो!" तो वाचायचा. शेवटी यंत्रावर नारिंगी झाकणाची पेटी बसवली तेव्हा मला झोप लागली. आणि चालू यंत्र सोडून जेवायला जायचं नाही. बाजूला पाण्याचा फवारा. डायरीचं रेक्झिनचं कव्हर घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवलं. पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसालाही वाईट आणि यंत्राच्या लोखंडालाही.

ऑक्टोबरमधली सगळ्यात मोठी चूक यंत्राची नव्हती. घराच्या नावाची सागाची पाटी. नाव फोनवर लिहून आलं होतं, मी तसंच उचलून पेस्ट केलं. खोल कोरलं, रंग भरला, पॉलिश केलं. न्यायला आलेल्या गृहस्थांबरोबर त्यांचे भाऊ होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी पाटी लांब धरली आणि म्हणाले, "आर्शिवाद?" रफार र वर जायच्या ऐवजी श वर... नाही, मी सांगतानासुद्धा चुकते. आशीर्वाद. शी दीर्घ, आणि रफार वा वर. अर्ध्या महाराष्ट्राच्या पाट्यांवर हे चुकलेलं आहे, पण ती पाटी माझ्या हातची होती. मी नवी फळी काढायला निघाले तर बाबांनी अडवलं. "माझो रंधो आसा मा अजून." पाटी सव्वा इंच जाडीची, कोरलेलं मिलिमीटरभर. दीड मिलिमीटर रंधून काढलं, खाली स्वच्छ साग. दुपारी बरोबर नाव जाळून दिलं. सागवानी प्लाय असता तर वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो, रंधा लावायची सोयच नाही. तेव्हापासून नावाचं चित्र गिऱ्हाइकाला पाठवून "बरोबर" असं लेखी उत्तर आल्याशिवाय जाळत नाही, आणि त्याआधी मी शब्दकोश उघडते.

पोळपाटावर नाव मागणारे पुष्कळ. वरच्या बाजूला मी घालत नाही. खाचेत पीठ बसतं, ओलं राहतं, वास येतो. मागच्या बाजूला किंवा कडेच्या जाडीवर. लग्नाच्या रुखवतात ठेवायचा असेल तर उलटा ठेवा म्हणावं.

लाटणं अजून जमलेलं नाही. गोल वस्तू फिरवायचा रोलर घेतला आहे, पण आमची लाटणी पोटात जाड आणि टोकांना निमुळती, त्यामुळे रोलरवर एक टोक पुढे, एक मागे. गेल्या रविवारी "सुगरण" मधला ण दीडपट रुंद आला. निमुळत्या टोकाखाली सायकलच्या ट्यूबची कडी चढवून उंची सारखी करायची असं ठरवलंय. ट्यूब कापून ठेवली आहे. बाबांनी तीन लाटणी कातून दिली आहेत, चौथं मागायचं नाही या अटीवर.