तुम्ही विचारलंत म्हणून: निषेध आणि विपर्यास

"ताई, तुम्ही नक्की कुणाच्या?"

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचीही चूक नाही. सांगलीत विजयनगरला, कलेक्टर ऑफिसच्या अलीकडं, माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ऑफिस राजवाड्यात होतं तेव्हा आम्ही तिकडं होतो. ते हललं, आम्हीही हललो. निवेदन द्यायला आलेला माणूस आधी माझ्याकडं येतो, मग आत जातो, आणि आवकचा शिक्का मारलेली पोच घेऊन तिची झेरॉक्स काढायला परत माझ्याकडंच येतो. सकाळी एका पक्षाचा, दुपारी दुसऱ्याचा. कधी दोघं एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा पितात आणि आपापल्या मॅटरची वाट बघतात. सगळ्यांचं लिहून देणारी बाई कुणाची, हे कुणालाही विचारावंसं वाटणारच.

हल्ली त्याला एक शेपूट जोडलेलं असतं. "तीन पक्षांचं कडबोळं बरं, का एकाचंच पण अल्पमतातलं?" म्हणजे माझं मत काढून घ्यायचा दुसरा रस्ता. आता तुम्ही विचारलंतच, तर दोन्हींचं एकदमच सांगते.

माझ्या कॉम्प्युटरवर दोन फाइली आहेत. एकीचं नाव 'निषेध', दुसरीचं 'विपर्यास'. निषेधात असतं: अमुक यांच्या बेताल वक्तव्यामुळं तमाम जनतेच्या भावना दुखावल्या असून आम्ही जाहीर निषेध करतो, माफी न मागितल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील. विपर्यासात असतं: अमुक यांच्या वक्तव्याचा मागचा-पुढचा संदर्भ तोडून विपर्यास करण्यात आला असून त्यांना बदनाम करण्याचा कट आहे. नाव आणि तारीख तेवढी बदलायची, पाच मिनिटांत काम होतं. गंमत अशी की एका फाइलीचा पक्ष एक आणि दुसरीचा दुसरा, असं कधीच नसतं. तोच माणूस सोमवारी निषेध नेतो आणि गुरुवारी विपर्यास. बोलला कोण, एवढ्यावरच फाइल ठरते. काय बोलला, ते मला बहुतेक वेळा टाइप करता करताच कळतं.

एप्रिल २०१३ चं एक निवेदन मला अजून आठवतं. दुष्काळ होता. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटाव, सगळीकडं चारा छावण्या आणि टँकर. इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजित पवार उपोषणकर्त्या शेतकऱ्याबद्दल बोलले, धरणात पाणीच नाही तर सोडायचं कुठून, आणि पुढं जे विचारलं ते अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चार कार्यकर्ते आले. पेच असा पडला की ते क्रियापद निवेदनात घालायचं का नाही. एक म्हणाला, जसंच्या तसं टाका, आपल्याला काय. दुसरा म्हणाला, साहेबांच्या टेबलावर जाणार आहे, 'लघुशंका' करा. तिसऱ्याला 'लघुशंका' फार सोवळं वाटलं, त्यात राग दिसत नाही म्हणाला. अर्धा तास गेला. शेवटी 'अश्लाघ्य वक्तव्य' यावर तडजोड झाली, आणि एकानं बाहेर जाताना मला हळूच विचारलं, अश्लाघ्य म्हणजे काय ओ? त्या गडबडीत माझ्याकडनं 'तीव्र'चा 'तिव्र' झाला. ती ऱ्हस्व वेलांटी तशीच राहिली.

अजितदादांनी माफी मागितली, कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश करून घेतला. निषेधवाल्यांनी त्यावरही दुसरं निवेदन काढलं, हे नाटक आहे म्हणून. जुलै २०२३ मध्ये अजितदादा सरकारात आले, उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा त्या चौघांतला एक जण अभिनंदनाच्या बॅनरचं मॅटर घेऊन आला. मी काही बोलले नाही. तोच म्हणाला, "ताई, ते जुनं काढू नका. तेव्हा विरोधात होतो."

एवढं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, ही बाई वर बसून सगळ्यांना हसते. तसं नाही. माझीही विपर्यासाची फाइल होती, आणि ती आबांची होती.

आर. आर. पाटील म्हणजे तासगावजवळच्या अंजनीचे. ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच काळातलं, डान्सबारबंदीही त्यांचीच. आमच्या भागात त्यांना शिव्या देणारा माणूससुद्धा आबाच म्हणायचा. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर ते हिंदीत बोलून गेले, मोठ्या शहरांत अशा छोट्या-मोठ्या घटना होतात अशा अर्थाचं. १ डिसेंबर २००८ ला त्यांनी गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या आठवड्यात दुकानात जो येईल त्याला मी सांगत होते, अहो, माणसाचं हिंदी कच्चं, मनात तसं नव्हतं. दीडशेच्या वर माणसं गेली होती आणि मी व्याकरण सांगत होते! हेच वाक्य दुसऱ्या पक्षाचा गृहमंत्री बोलला असता तर मी हिंदीची बाजू घेतली असती का? नसती. वर्षभरानं, २००९ ची निवडणूक झाल्यावर, ते परत गृहमंत्री झाले तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

मग ऑक्टोबर २०१४. प्रचारसभेत विरोधी उमेदवारावरच्या बलात्काराच्या गुन्ह्याचा विषय निघाला आणि आबा म्हणाले, निदान निवडणूक झाल्यावर तरी करायचं. या अर्थाचं, थट्टेत. माफीही मागितली त्यांनी. पण समोरची माणसं हसत होती हे टीव्हीवर दिसलं. त्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ विपर्यास करून घ्यायला आले. मी म्हटलं, लाइट नाही. पंखा डोक्यावर गरगरत होता. ते पंख्याकडं बघून निघून गेले. चारच महिन्यांनी आबा वारले. मी रडले, आणि त्या दिवशी लाइट नाही म्हटलं होतं याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही.

त्याच ऑक्टोबर २०१४ मध्ये अल्पमतातलं सरकार काय असतं तेही बघायला मिळालं. युती आणि आघाडी दोन्ही फुटलेल्या, चौघं वेगवेगळे लढत होते. पंतप्रधानांनी राष्ट्रवादीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन तिला मुळातलाच भ्रष्ट पक्ष ठरवलं. उद्धव ठाकऱ्यांनी भाजपला अफजलखानाची फौज म्हटलं. प्रतापगड आमच्या शेजारच्या साताऱ्यात; अफजलखान म्हटल्यावर इकडं दुसरं काही समजावून सांगायला लागत नाही. दोन्ही वाक्यांचे निषेध माझ्याकडनं गेले. १९ तारखेला निकाल: भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. हवे होते १४५. मोजणी संपायच्या आत राष्ट्रवादीनं, म्हणजे त्याच मुळातल्या भ्रष्ट पक्षानं, भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला. ३१ ऑक्टोबरला फडणवीसांचा शपथविधी झाला, १२ नोव्हेंबरला आवाजी मतदानानं विश्वास ठराव मंजूर, आणि ५ डिसेंबरला अफजलखान म्हणणारी शिवसेना मंत्रिमंडळात.

म्हणजे सगळं मिळून सव्वा महिन्याचं अल्पमत. तरी मला ते आवडलं होतं, आणि हे ऐकून लोक चमकतात. कारण साधं आहे. आघाडीत, युतीत, महायुतीत, नाव काही घ्या, मित्रपक्षाचा माणूस काहीही बोलला तरी तुमचा निषेध आतच जिरवावा लागतो. खातं जाईल, महामंडळ जाईल, खालच्या कार्यकर्त्याची झेडपीची उमेदवारी जाईल. अल्पमताला बाहेरून टेकू देणाऱ्याला निदान तोंड उघडं ठेवता येतं. या ठरावावर तुमच्याबरोबर, त्यावर नाही, आणि तुमचा मंत्री जे बोलला त्याचा निषेधच. असं होतंच असं नाही. पण व्हायला जागा असते.

फक्त माझी एक अट आहे: मोजा. आवाजी मतदान मला मान्य नाही. हो म्हणणारे म्हणाले, नाही म्हणणारे म्हणाले, अध्यक्षांच्या कानाला हो मोठं ऐकू आलं, संपलं. त्या दिवशी मतविभागणी झाली असती तर राष्ट्रवादीचा कुठला आमदार कुठं उभा होता हे कागदावर आलं असतं. तिकडं १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. ते मोजलं म्हणून तर आजही प्रत्येकाला तो आकडा पाठ आहे.

माझ्या सासऱ्यांना हे अजिबात पटलं नसतं. दुकान त्यांचं, मी सून. राजवाड्याच्या दारात झाडाखाली रेमिंग्टनचं मशीन मांडून त्यांनी सुरुवात केली, आणि ते कट्टर वसंतदादांचे. १९७८ ची गोष्ट ते जेवताना सांगायचे. दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या, निकालानंतर एकत्र आल्या, दादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री. मार्चमध्ये सरकार झालं आणि जुलैत गेलं. तिरपुडे मांडीला मांडी लावून बसायचे आणि बाहेर यशवंतरावांना टाकून बोलायचे, त्यातनं सगळं बिघडत गेलं, असं सासरे म्हणायचे. मग शरद पवार दादांच्या मंत्रिमंडळातनं बाहेर पडले आणि अडतिसाव्या वर्षी पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, मुख्यमंत्री झाले. सांगलीत त्याला खंजीर म्हणतात. बारामतीत काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. पण महापालिकेत भाजपचं बहुमत असताना २०२१ मध्ये राष्ट्रवादीचा महापौर बसला, तेव्हा खंजीर हा शब्द इथं कुणी काढला नाही. तेव्हा त्याला 'करेक्ट कार्यक्रम' म्हणाले. आणि तो शब्द वापरताना माझ्या सासऱ्यांचे जुने मित्रसुद्धा गालात हसत होते.

अल्पमतातली सरकारं काही संतांची असतात असं माझं म्हणणं नाही. चंद्रशेखरांचं काँग्रेसच्या टेकूवर उभं होतं, राजीव गांधींच्या घरावर हरियाणाचे दोन हवालदार पाळत ठेवतात एवढ्या कारणावर टेकू निघाला. नरसिंह रावांचं पाच वर्षं टिकलं, पण १९९३ च्या अविश्वास ठरावाला काही खासदारांनी पैसे घेऊन मत दिल्याचा खटला झाला. सुप्रीम कोर्टानं १९९८ ला सभागृहातल्या मतासाठी त्या खासदारांना संरक्षण दिलं आणि २०२४ मध्ये तो निकाल स्वतःच फिरवला. कोर्टही आमच्या जवळच. या निकालाची प्रिंट माझ्याकडनं बऱ्याच वकिलांनी नेली.

आणि माझ्या म्हणण्याला छेद देणारंही इथंच घडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जतच्या सभेत सदाभाऊ खोत शरद पवारांच्या चेहऱ्यावरनं बोलले. आजारानं बदललेल्या चेहऱ्यावरनं. महायुतीतच असलेल्या अजित पवारांनी त्याचा उघड निषेध केला. सदाभाऊ म्हणाले, ही गावगाड्याची भाषा आहे. गावगाड्यातनंच आलेली मी. आमच्याकडं आजारी माणसाच्या तोंडावरनं बोलणाऱ्याला म्हातारी माणसं उठवून लावतात. पुढल्या वर्षी जतमध्येच भाजपचे गोपीचंद पडळकर जयंत पाटलांबद्दल बोलताना त्यांच्या वडिलांपर्यंत गेले, तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसांनी हे योग्य नाही म्हटलं. म्हणजे कडबोळ्यातही, आणि स्वतःच्या पक्षातही, बोलता येतं. माझा मुद्दा यानं लंगडा होतो, हे मला मान्य आहे.

ठाकरी भाषेचं मात्र मला अजून सुटलेलं नाही. ती जन्मभर टाळ्या देत ऐकलेली माणसं ऑगस्ट २०२१ मध्ये नारायण राणे उद्धवरावांच्या कानाखाली वाजवायचं बोलले म्हणून निषेध घेऊन आली. राणे शिकले कुठल्या शाळेत? लगेच दुसरे आले, २०१८ मध्ये उद्धवराव योगी आदित्यनाथांना चपलेनं मारावंसं वाटतं म्हणाले होते त्याचा निषेध घेऊन. तीन वर्षं उशिरा! मी म्हटलं, एवढ्या दिवसांनी? तर म्हणाले, तेव्हा आम्ही एकत्र होतो.

तर मी कुणाची? मत देते, पण सांगत नाही. पान तीस रुपये, उधार बंद. एका पक्षाचे अडीच हजार २०१७ पासून येणं आहे, पक्ष सांगणार नाही.

परवा एक पोरगा आला, विशीतला, गळ्यात उपरणं. मॅटर तयारच होतं, व्हॉट्सअॅपवर आलेलं. नाव बदलून प्रिंट काढायची फक्त. कुणाचा निषेध होता ते जाऊ द्या. तिसऱ्या ओळीत 'अश्लाघ्य' होतं आणि शेवटी 'तिव्र आंदोलन'. मी विचारलं, कुठनं आलं हे? म्हणाला, वरनं. मी वेलांटी दीर्घ करायला गेले तर त्यानं माझा हात धरायचा तेवढा बाकी ठेवला.

"राहू दे ताई, बदलू नका. साहेबांनी पास केलंय."

मी तीन प्रती काढून दिल्या.