वर्गणीचे दिवस

रविवार, रात्री उशिरा

एप्रिल लागला की नाशिकच्या जुन्या जागा पायी फिरून बघणाऱ्या आमच्या मंडळात वर्गणीचा विषय निघतोच. व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसं भरपूर. फेरीचा निरोप टाकला की अंगठ्यांची रांग लागते, पण पावती फाडायच्या वेळी तेच जुने चेहरे. कालच्या बैठकीत एकाने सुचवलं, वर्गणी बंदच करू, ज्याला यायचं तो येईल. मला ते पटलं नाही. खर्च फारसा नसतो हे खरं. चहा, झेरॉक्स, माहिती सांगायला येणाऱ्याचं जाणं-येणं. पण वर्गणी भरलेला माणूस दोन फेऱ्यांना दिसला नाही, तर मी हक्काने फोन करते. आणि तोही हक्काने सांगतो, "गुडघे धरलेत हो, सपाटीवरचं काहीतरी ठेवा."

त्या गुडघ्यांसाठीच आता एक फेरी चढाची, एक सपाटीची. सपाटीची म्हणजे सरकारवाडा पाहून सराफ बाजारातून घाटावर उतरायचं, नदी ओलांडून नारोशंकराच्या देवळाची घंटा बघायची आणि पुढे काळाराम मंदिर. पंचवटीतले आमचे एक आजोबा तिथे पूर्व दरवाजाशी थांबतात आणि २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाबद्दल वडिलांकडून ऐकलेलं सांगतात. त्यांना ऐकायला मुलं पुन्हा पुन्हा येतात.

आज चढाची फेरी होती, पांडवलेणी. एरवी तिसऱ्या लेण्यातल्या सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखापाशीच बराच वेळ जातो. आज बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक सभासद सगळ्यांना दहाव्या लेण्यातल्या शिलालेखापाशी घेऊन गेले. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं बौद्ध भिक्षूंच्या संघाला दिलं आणि वर ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. २,००० वर महिना शेकडा एक व्याज, १,००० वर पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यांनी तिथेच हिशोब मांडला: २,००० चं वर्षाचं व्याज २४०, म्हणजे वीस भिक्षूंच्या वस्त्रांना प्रत्येकी १२. लेखातही तेच आकडे! शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रीतसर नोंदवलं, असंही त्यात आहे. गंगापूर रस्त्याचं गोवर्धन आपल्या रोजच्या ओळखीचं. त्या गावच्या विणकरांच्या भरवशावर कुणी वीस माणसांच्या कपड्यांची कायमची सोय लावून गेलं, हे ऐकताना मला भरून आलं. लेणी खोदणाऱ्यांनाही पुढच्या वर्षीच्या खर्चाची काळजी होती. वर्गणीवर आता मला वाद घालायचा नाही, पुढच्या बैठकीत हा लेखच वाचून दाखवणार.

कॉलेजमधली एक मुलगी मोबाइलवर त्या अक्षरांचे फोटो काढत शेवटपर्यंत मागे थांबली होती. ब्राह्मी लिपी शिकायची आहे म्हणाली. पुढच्या सपाटीच्या फेरीत सुंदरनारायण मंदिराची माहिती तू सांग, असं तिला सांगून टाकलं. वर्गणीचं नंतर बघू. नुसतं ऐकायला येणारी मुलं दोन-तीन फेऱ्यांत पांगतात. एखादी जागा स्वतः अभ्यासून सांगितली की ती टिकतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

उद्या फोन करायचे आहेत. आधी इंदिरानगरच्या काकूंना, त्या दिवाळीपासून आलेल्या नाहीत. कुणाच्या तरी गाडीत त्यांची जागा ठरवूनच फोन लावेन.