फक्त दाखवून येऊ

परवा दुपारी समोरच्या वहिनींकडे गोडा मसाला भाजणं चाललं होतं. आधी धण्यांचा वास आला, मग खोबऱ्याचा, दगडफुलाचा, आणि मग तेलात लवंगा पडल्या. बाकी बिल्डिंगला भूक लागली असेल. माझे तळवे ओले झाले आणि जीभ आपोआप डावीकडच्या खालच्या दाढेवर जाऊन बसली, झोपलेल्या पोराचा ताप बघावा तशी.

दाताच्या दवाखान्याचा तो वास लवंगेचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलमध्ये घोटून तात्पुरतं सिमेंट करतात, आणि तो वास भिंतींत मुरतो. लहानपणी मला वाटायचं, भीतीलाच असा वास असतो.

१९७९ साल, सातारा. मी आठ वर्षांची. "फक्त दाखवून येऊ," बाबा म्हणाले, "येताना कंदी पेढे घेऊ." अंधारा लाकडी जिना, वर बाकडं, आत ती खुर्ची. शेजारी दोऱ्या आणि कप्प्यांचं मशीन, आमच्या शिवणयंत्राचा वाया गेलेला चुलतभाऊ असावा असं. कंपाउंडरनं डोकं धरलं, बाबांनी पाय. मी डॉक्टरांच्या बोटाला चावले. तरी दाखवायला नेलेली दुधाची दाढ ट्रेमध्ये टण्णकन पडलीच.

बाबांनी शब्द पाळला, पेढे घेतले. माझ्या तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे ते दादानं खाल्ले. शिवाय दाढ तिकडेच राहिलेली. छपरावर टाकायला काही नाही म्हटल्यावर उंदीर नवी दाढ देणार कशी, या काळजीनं मी दोन रात्री जागले.

तेव्हापासून 'फक्त' या शब्दाशी माझं वाकडं आहे. 'फक्त एक सही', 'फक्त पाच मिनिटं', 'फक्त चहाला या' असं कुणी म्हटलं की मी आधी दार कुठे आहे ते बघून ठेवते.

मागच्या वर्षी ही डावी दाढ ठणकायला लागली. आठ महिने मी उजव्या बाजूनं जेवले. दिवाळीत चकली दुसऱ्यांना वाढली. आधी पितृपक्ष, मग पाहुणे, मग मार्चअखेर. दाढ रात्री दोनला अशी दुखते की पहाटेच दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसावं, आणि सकाळी पाटी दिसली रे दिसली की साफ थांबते. मधल्या काळात दाढेखाली लवंग धरायची. म्हणजे ज्या वासाला भ्यायचं, तोच तोंडात घेऊन फिरायचं. हे तेव्हा लक्षात आलं नाही.

शेवटी गेले. डॉक्टर मुलगी असेल तिशीची. "काकू, आ करा," म्हणाली. तो 'काकू' पहिल्यांदा टोचला. हिरडीला काहीतरी गारसं लावून ती म्हणाली, "आता सुई टोचेल. दहापर्यंत मोजा." दुखणार नाही, असं म्हणाली नाही. मी मोजलं. टोचलं. थोड्या वेळानं ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी झाला.

हे भुलीचं औषध, लिग्नोकेन, स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. परत येताना रिक्षात हिशेब केला: म्हणजे १९७९ला ते होतंच की! आणि सुई तेव्हाही दिली होती, ती चांगली आठवते. मग दाढ काढताना दुखलं होतं का? खूप ताण दिला, पण नाही आठवलं. घोट्यांवर बाबांच्या बोटांची पकड तेवढी आठवते.

तर ती मुलगी मशीन हातात घेऊन म्हणाली, "दुखलं, घाबरल्यासारखं झालं, थुंकायचं असलं, काहीही, तर डावा हात वर करा. मी थांबेन." मशीन सुरू झालं. हल्लीची लाखांनी फेरे घेतात, पण आवाज तोच, मेंदूतून भोक पाडत जाणारा. दुखत नव्हतं. तरी मी हात वर केला.

आवाज बंद.

"दुखलं?"

"आही," मी म्हटलं. नाही. "आंता आ ए अघत ओते." थांबता का ते बघत होते.

रोजच कुणीतरी असं बोलत असावं, कारण तिला सगळं कळलं. "थांबले ना? करू आता?"

अजून दोनदा केला हात वर. तिसऱ्यांदा तिनं घड्याळाकडे बघितलं, पण थांबली.

आणि परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात वहिनी, हातात मसाल्याची वाटी. "फक्त वास घेऊन सांगा, कसा झालाय."

वाटी नाकाशी धरली. फर्स्ट क्लास झालाय, म्हटलं, श्वास रोखून.