पोपट कुठे ठेवलाय?

सोमवार, रात्री साडेदहा

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागायला अजून दोन दिवस आहेत आणि कूलर आत्ताच गरम हवा फेकून राहिला. पंप गेला असणार. ते उद्या बघू.

आज ऑफिसातून येताना मेट्रोत चक्क बसायला जागा मिळाली. ई-रीडर काढला. मालिकेचा तिसरा खंड, शेवटची शंभरेक पानं उरलेली, वेढा पडलेला, किल्ल्यात धान्य संपत आलेलं. मुखपृष्ठाच्या जागी करडा चौकोन आणि खाली एक ओळ: हे पुस्तक आता आपल्या संग्रहात उपलब्ध नाही. बंद करून उघडलं, पुन्हा तेच. शंकरनगरला उतरायचं होतं, ती एलएडी चौकात उतरले.

घरी येऊन मेल पाहिला. प्रकाशकाशी त्या ऑनलाइन दुकानाचा करार संपला म्हणे. २९९ रुपये परत केलेत, तेही खात्यात जमा, सहा महिन्यांत त्यांच्याच दुकानात खर्चायचे. भाषा फार अदबीची. पुस्तक गेलं त्याचं एवढं नाही, दुसरीकडून घेता येईल. पण त्यात माझ्या टिपा होत्या. एक्केचाळीस. आकडा लक्षात आहे, कारण परवाच यंत्रानं मोठ्या कौतुकानं दाखवला होता.

टिपा म्हणजे काही विद्वत्ता नाही. फँटसी वाचणाऱ्याला त्या लागतातच. सात घराणी, त्यातल्या तीन घराण्यांत एकाच नावाचे आजोबा-नातू, वर शेवटी दिलेला शब्दकोश. 'हा दुसऱ्या खंडात मेला होता ना?' अशा टिपा. नकाशा तर ई-रीडरवर पाहणं म्हणजे भिंगातून सात-बारा वाचणं. कागदी पुस्तकात एक बोट नकाशाच्या पानात अडकवून ठेवता येतं, इथे ते बोट अडकवायला जागाच नाही.

बुधवार

भाचा आला होता, तर्री-पोहे बांधून घेऊन. व्हीएनआयटीत कॉम्प्युटर शिकतो, त्यामुळे घरातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू त्याच्या वाट्याला. कूलरचा पंप आधी त्यानंच पाहिला. नुसता कचरा अडकला होता.

"काऊन अशी तोंड पाडून बसली, मावशी?"

सांगितलं.

"पण तू ते विकत घेतलंच नव्हतं. वाचायची परवानगी घेतली होती."

"बटणावर 'खरेदी करा' लिहिलं होतं की."

"बटणावर काहीही लिहितात, बाप्पा. अटी वाचल्या होत्या का?"

अटी कोण वाचतं? त्यानंही वाचल्या नव्हत्या, मी विचारलं. पण एक माहिती त्याच्याकडे होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: डिजिटल वस्तूसमोर 'खरेदी' हा शब्द वापरायचा तर हा फक्त परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं.

मग त्यानं एक गंमत दाखवली. माझ्याकडे कुलूप नसलेलं एक ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल होती, जुन्या मराठी कथांची. त्याच्या नावातलं शेवटचं 'ईपब' खोडून त्यानं 'झिप' लिहिलं. आणि ते गाठोड्यासारखं सुटलं! आत फोल्डर, फोल्डरात एकेका प्रकरणाची फाइल, मुखपृष्ठाचं चित्र वेगळं, अनुक्रमणिका वेगळी. पुस्तक म्हणजे घडी घालून ठेवलेली वेबपानंच. हे पेन ड्राइव्हवर टाकलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही, असं तो म्हणाला. माझ्या तिसऱ्या खंडाची फाइलही यंत्रात होतीच, पण कुलपाची, आणि किल्ली दुकानाच्या सर्व्हरवर.

मला एकदम आजीचा राक्षस आठवला. त्याला कितीही मारा, मरतच नाही, कारण त्याचा जीव साता समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात. माझं पुस्तक माझ्या पर्समध्ये, रोज माझ्याबरोबर सीताबर्डीला जातं-येतं, आणि पोपट भलतीकडेच. कुणीतरी तिथे मान मुरगाळली की पर्समधलं पुस्तक गतप्राण. भाच्याला ही उपमा फार आवडली. म्हणाला, डीआरएमवर, म्हणजे या डिजिटल कुलपांवर, सेमिनार आहे, तिथे वापरतो. वापर म्हटलं, फक्त आजीचं नाव घे.

मी पहिली नाही, हेही त्यानंच शोधून दाखवलं. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉननं लोकांच्या किंडलमधून पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. हक्क नसलेल्या कुणीतरी ती विकायला ठेवली होती, म्हणून. पैसे परत दिले, पुढे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बेझोसनी माफीही मागितली. आणि त्यात पुस्तक कोणतं, तर ऑरवेलचं '१९८४', जिच्यात सरकार नको तो मजकूर पुसून टाकतं ती कादंबरी! कादंबरीकाराला सुचलं असतं तर संपादकानं 'फार ढोबळ झालं' म्हणून खोडलं असतं. त्यात एका शाळकरी मुलाच्या अभ्यासाच्या टिपा होत्या. टिपा उरल्या, पण ज्या ओळींबद्दल त्या होत्या त्या ओळीच गेल्या. तो कोर्टात गेला.

दुसरा किस्सा मायक्रोसॉफ्टचा. २०१९ मध्ये त्यांनी ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा जुलैपासून विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे सगळ्यांना परत. आणि ज्यांनी पुस्तकांत टिपा-खुणा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर. म्हणजे कुणीतरी बसून टिपांची किंमत ठरवली होती. मला तर तीही नाही.

शनिवार, दुपार

या सगळ्यात मी कागदाची बाजू घेईन असं वाटेल. पण ई-रीडर मी घेतला तोच कागदावर रुसून. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. आमच्याकडे कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. बाबांची पुस्तकं तिथेच होती. बाजेवर, गच्चीत, पंख्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे वाळत घातली. साधा कागद फुगून पापड झाला तरी वाचता येतो. गुळगुळीत कागद मात्र एकमेकांना असा चिकटतो की पुस्तकाची वीट होते. अशा अकरा विटा टाकून दिल्या. कुणी मेल पाठवला नाही, पैसे तर नाहीतच.

दिवाळीत मग भाच्यानंच ई-रीडर घ्यायला लावला. याला पूर येत नाही, म्हणाला होता. आज त्याला ते आठवत नाही.

दुपारी उन्हात बर्डीला जाऊन आले, जुन्या पुस्तकांच्या दुकानात. तिसरा खंड नव्हता. पहिला दोनदा होता, यावरून बरेच जण कुठे थांबतात ते कळलं. ही दुकानं चालतात त्यामागे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले थोडे शब्द आहेत: प्रती लोकांपुढे आणायचा हक्क मालकाचा, पण आधीच वितरणात असलेल्या प्रती वगळून. एकदा विकलेली प्रत घेणाऱ्याची. तो ती रद्दीत घालो, पुतणीला देवो, नाहीतर माझ्यासारखीला ऐंशी रुपयांना विको. कुलपाच्या फाइलला यातलं काही लागत नाही. उलट २०१२ ची दुरुस्ती सांगते की हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझा हेतू एक्केचाळीस टिपा परत मिळवायचा. तो कोणत्या कलमात बसतो देव जाणे. भाच्याला हे विचारलंच नाही, पोरगं उत्साही आहे.

रविवार, रात्र

लाइन गेली, दीड तास झाला. टॉर्च लावून लिहिते आहे. ई-रीडरच्या पडद्याला वीज लागते ती पान उलटताना, नुसतं दाखवायला जवळजवळ नाहीच. म्हणून तो करडा चौकोन अजूनही तसाच, शांतपणे दिसतो आहे. उलटा करून ठेवला.

वहीच्या मागच्या पानावर टिपा आठवून लिहायला घेतल्या. तासाभरात तीन झाल्या.

एक: धाकटी राणी डावखुरी आहे, मग चिठ्ठी तिची कशी?

दोन: हा दुसऱ्या खंडात मेला होता ना?

तीन: पुलाला नाव आहे, नदीला नाही.

तिसरी माझी टीप होती की पुस्तकातलंच वाक्य मी अधोरेखित केलं होतं, ते आठवत नाही. आणि तपासायला पुस्तक नाही.