वन-फोर म्हणायचं, फोर्टीन नाही!

बीडीएसच्या, म्हणजे डेंटिस्टच्या पदवीच्या, पहिल्या वर्षी मला अडवलं ते एका उपदाढेनं. अजून तो दात दिसला की चिडचिड होते.

माझी शाळा मराठी माध्यमाची. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. लाळेत टायलिन नावाचं विकर. कॉलेजात टायलिनचं सॅलायव्हरी अमायलेज झालं आणि विकराचं एन्झाइम. ते निभावलं. कायनेज एटीपीवरचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा) फॉस्फेट दुसऱ्याला चिकटवतं, फॉस्फटेज तो काढून टाकतं, एवढं पक्कं झालं की निम्मी नावं आपोआप उलगडतात. मेणातून दात कोरायचं कार्व्हिंगही जमलं.

पण मेसिअल! मी समजत होतो, मेसिअल म्हणजे मधली बाजू. कशाच्या मधली? जबड्याच्या कमानीवरून मधल्या रेषेपासून मागे चालत निघालो तर दाताची जी बाजू आधी लागते ती मेसिअल, उलटी डिस्टल. म्हणजे दाढेची मेसिअल पुढे येते आणि पटाशीच्या दाताची शेजारी. हे कळायला आठवडा गेला.

त्यात लायब्ररीतलं पुस्तक अमेरिकी. तिकडे दात १ ते ३२ सरळ मोजतात, म्हणून त्यांचा १४ म्हणजे वरची डावी पहिली दाढ. आपल्याकडे एफडीआय, म्हणजे जागतिक दंत संघटनेची पद्धत: पहिला आकडा जबड्याच्या चतुर्थांशाचा, दुसरा दाताचा. १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. मी दोन आठवडे चुकीचा १४ घोकला.

इंटर्नलच्या तोंडी परीक्षेला सरांनी नेमकी तीच उपदाढ हातात ठेवली. ब्रेसेससाठी बऱ्याचदा याच काढतात, त्यामुळे परीक्षेच्या दातांचा डबा या उपदाढांनीच भरलेला. मी म्हणालो, ‘फोर्टीन.’ सर म्हणाले, ‘वन-फोर! साइड कशी ओळखलीस, डावी की उजवी?’ सुळ्याच्या आणि उपदाढांच्या गालाकडच्या टोकाचा मेसिअल उतार आखूड, हे पाठ होतं. नेमकं या एका उपदाढेत उलटं, मेसिअल उतार लांब. आकडा अंदाजानं बरोबर आला होता, पण उतार दाखवून मी तो दात डावा ठरवला. नापास.

री-व्हायव्हाच्या (पुन्हा द्यायच्या तोंडी परीक्षेच्या) तारखेसाठी तीन आठवडे डिपार्टमेंटच्या दाराशी. ‘उद्या या.’ उद्या गेलं की सर मीटिंगला.

 

त्या तीन आठवड्यांत एक खूण सापडली. या उपदाढेच्या मेसिअल बाजूला, मुळाच्या गळ्याशी खळगा असतो. उतार बघत बसू नका, नख फिरवा. मूळ वर, गालाकडची बाजू आपल्याकडे धरा. खळगा उजवीकडे लागला तर दात उजवा.

री-व्हायव्हाला पुन्हा तीच उपदाढ. नख फिरवलं. ‘वन-फोर, सर. राइट.’

सरांनी मान वर केली नाही. ‘नेक्स्ट.’